मालकाच्या मिळकतीच्या कागदांतून गुलामांचा माग: अमेरिकेच्या दक्षिणेतील कुळशोधाची पद्धत

अमेरिकेच्या 1860 सालच्या जनगणनेत 39,53,760 माणसे गुलाम म्हणून मोजली गेली; मात्र गुलामांसाठी केलेल्या वेगळ्या तक्त्यांत त्यांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव नाही. वर मालकाचे नाव आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग आणि वर्ण, एवढीच नोंद तेथे सापडते. 1850 च्या तक्त्यांचीही तीच रीत होती. या बहुसंख्य माणसांची नावे आणि आडनावे लिहिणारी पहिली जनगणना 1870 ची, आणि म्हणूनच आफ्रिकी-अमेरिकी कुळांचा शोध घेणारे बहुतेक जण तिथपर्यंत येऊन अडतात. त्यापलीकडे नेणारा सर्वांत भरवशाचा रस्ता मालकाच्या कुटुंबाच्या मिळकतीच्या कागदांतून जातो. कायद्याने गुलाम ही मालमत्ता ठरवली होती. खातेदार वारला की सातबाऱ्यावर वारसांच्या नावांचा फेरफार होतो, त्याप्रमाणे गुलामांचा मालक वारला की त्याच्या ताब्यातील माणसांची नावानिशी मोजदाद होई, किंमत ठरे, वाटणी होई किंवा लिलाव पुकारला जाई. ज्या मृत्यूने गुलामांची कुटुंबे फुटत, त्याच मृत्यूमुळे त्यांची नावे कागदावर येत.

हा लेख त्या कागदांपर्यंत कसे पोहोचावे आणि ते कसे वाचावेत याविषयी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले आणि तेथील काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) इतिहास मंडळांत किंवा जुनी हस्तलिखिते उतरवून घेण्याच्या उपक्रमांत भाग घेणारे मराठी वाचक, तसेच अमेरिकी इतिहासाचे विद्यार्थी यांना त्याचा थेट उपयोग होईल. मालक कुटुंबाचा माग काढताना नजर पुरुषांवर कमी आणि बायकांवर जास्त ठेवावी, हे या कामात ध्यानात ठेवण्याचे मुख्य सूत्र आहे. ते का, हे पुढे सविस्तर येईल.

1870 पासून मागे

शोधाची सुरुवात नेहमी ज्ञात पिढीपासून करावी आणि एकही पिढी न गाळता मागे जावे. विसाव्या शतकातील मृत्यू दाखल्यांवर बहुधा आईवडिलांची नावे असतात. 1880 च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले आहे. 1870 च्या जनगणनेत ते नाही, त्यामुळे 1870 च्या एका घरात राहणारी माणसे एकाच रक्ताची आहेत असे परस्पर धरू नये. 1890 ची जनगणना 1921 च्या आगीमुळे जवळपास सगळी नष्ट झाली, त्यामुळे 1880 ते 1900 मधली पोकळी कराच्या याद्या, विवाह नोंदी आणि जमिनीचे व्यवहार यांनी भरून काढावी लागते. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ 1873 मध्ये अमेरिकेतील ज्या लोकांना गुलामीच्या उच्चाटनाबद्दल अर्पण केला, त्यांच्या देशात मुक्त झालेल्या माणसांची नावे जनगणनेत येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

1870 च्या पानावर आपले कुटुंब सापडले की आजूबाजूची किमान दहा-बारा पाने पूर्ण उतरवून घ्यावीत. मुक्तीनंतर अनेक कुटुंबे जुन्या मळ्याच्या आसपासच राहिली, त्यामुळे शेजारचे गोरे जमीनदार हे संभाव्य मालक असतात आणि शेजारची कृष्णवर्णीय कुटुंबे बरेचदा त्याच मळ्यावरची असतात. येथे नवशिके हमखास फसतात ते आडनावाच्या बाबतीत. मुक्त झालेल्या माणसाने शेवटच्या मालकाचेच आडनाव घेतले असेल असे नाही. कोणी आधीच्या मालकाचे घेतले, कोणी वडिलांच्या मालकाचे, तर कोणी गुलामीच्या काळातही आपसांत वापरात असलेले आडनाव उघडपणे लावू लागले. समान आडनाव हा तपासण्याजोगा दुवा आहे. त्याला पुरावा म्हणता येत नाही.

मालकाचे नाव सरळ सांगणारे कागद आधी पाहावेत. फ्रीडमन्स ब्युरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीचे सरकारी खाते, 1865 ते 1872 या काळात कार्यरत होता. त्याच्या दप्तरात मजुरीचे करार, शिधावाटप, तक्रारी आणि विवाह नोंदी आहेत, आणि 1865 च्या करारात मजूर म्हणून नाव असलेला माणूस बऱ्याच वेळा त्याच जमीनदाराचा आदल्या वर्षीचा गुलाम निघतो. 1865 ते 1874 पर्यंत चाललेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खातेदार नोंदवह्यांत जन्मस्थळ, आईवडील, भावंडे, जोडीदार आणि काही वेळा जुन्या मालकाचे व मळ्याचे नावही असते. यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्या सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिकांपैकी ज्यांनी किंवा ज्यांच्या विधवांनी निवृत्तिवेतन मागितले, त्यांच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गुलामीत झालेल्या लग्नाचा दाखला नसल्यामुळे विधवेला ते लग्न साक्षीदारांकरवी सिद्ध करावे लागे, आणि त्या साक्षींत मालक, मळा, लग्न लावणारा, सुईण असे सगळे तपशील येतात. माझ्या मते संपूर्ण शोधात एवढी बोलकी फाइल दुसरी नाही. तिच्या प्रती मिळायला वेळ लागला तरी तो सोसावा.

काही राज्यांची स्वतंत्र साधने आहेत. व्हर्जिनियात 1866 मध्ये एकत्र राहणाऱ्या जोडप्यांच्या नोंदवह्या करण्यात आल्या आणि त्यांत शेवटच्या मालकाचे नाव विचारलेले होते. मेरीलँडने नव्या राज्यघटनेने 1 नोव्हेंबर 1864 रोजी गुलामी संपवली. पुढे भरपाई मिळेल या आशेने तेथील मालकांनी 1867 च्या सुमारास आपल्या पूर्वीच्या गुलामांच्या याद्या नाव-वयासह नोंदवल्या, आणि काही काउंट्यांच्या याद्या आजही आहेत. राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यात 16 एप्रिल 1862 च्या कायद्याने मालकांना सरासरी 300 डॉलरपर्यंत भरपाई मिळाली, आणि तिच्यासाठी केलेल्या अर्जांत प्रत्येक व्यक्तीचे वर्णन व ती मालकाकडे कशी आली हेही लिहिलेले आहे.

मालकाच्या घरातील बायका

मालकाचे नाव हाती आले की लोक थेट त्याचे मृत्युपत्र शोधू लागतात. त्याआधी मालकाच्या कुटुंबाची किमान तीन पिढ्यांची वंशावळ मांडावी, आणि तिच्यात सासरे, जावई, विधवा बहिणी, अविवाहित आत्या आणि सावत्र मुले यांपैकी कोणालाही वगळू नये. शेतजमीन बहुधा मुलग्यांकडे जाई, तर मुलींना लग्नात किंवा वाटणीत माणसे दिली जात, कारण माणसे हलवता येत. म्हणून एखाद्या गुलाम स्त्रीचा माग एकाच आडनावाच्या कागदांत शोधला तर तो दर पिढीला तुटतो.

एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. व्हर्जिनियातील एप्स कुटुंबाच्या मार्था एप्स यांचे 1746 मध्ये जॉन वेल्स यांच्याशी लग्न झाले, तेव्हा विवाहकराराने एलिझाबेथ वेल्स यांच्या घरी आल्या. वेल्स 1773 मध्ये वारले. त्यांच्या मिळकतीच्या वाटणीत मुलगी मार्था यांच्या हिश्शातून 135 गुलाम जावई टॉमस जेफरसन यांच्या ताब्यात गेले, आणि हेमिंग्ज कुटुंब अशा रीतीने जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या मळ्यावर पोहोचले. एप्स, वेल्स, जेफरसन अशी तीन आडनावे आणि दोन्ही सांधे विवाहाचे. जेफरसन यांच्याच पूर्वजांचे कागद चाळत बसणाऱ्याला या स्त्रीचा एक धागाही सापडणार नाही.

दुसरे उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्याचे. डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या विधवेला गुलामांचा एक तृतीयांश हिस्सा केवळ हयातीपुरता मिळाला; कागदांत याला ‘डाउअर’ म्हटलेले असते. त्या विधवा मार्था यांनी पुढे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी विवाह केला. वॉशिंग्टन यांनी 1799 मध्ये तयार केलेल्या यादीत माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यांपैकी 123 त्यांच्या मालकीचे, 153 कस्टिस मिळकतीचे आणि बहुतेक उरलेले शेजारणीकडून भाड्याने घेतलेले होते. वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राने त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या माणसांना मुक्ती मिळाली आणि ती 1 जानेवारी 1801 पासून अमलात आली, पण कस्टिस मिळकतीच्या माणसांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना किंवा मार्था यांना नव्हता. 1802 मध्ये मार्था वारल्यावर ती माणसे कस्टिस घराण्याच्या चार नातवंडांत वाटली गेली. या दोन गटांत आपसांत लग्ने झालेली होती. नवरा मुक्त आणि बायको-मुले नातवाच्या वाट्याला, असे तेथे प्रत्यक्ष घडले. 1799 च्या यादीत जोडीदाराचे नाव आणि तो कोणत्या शेतावर आहे हे लिहिलेले असल्यामुळे ही कुटुंबे आज जोडता येतात.

यातून कामाचा एक नियम निघतो. विधवेचा हिस्सा हयातीपुरता असेल तर गुलामांची एक वाटणी नवऱ्याच्या मृत्यूनंतर आणि दुसरी विधवेच्या मृत्यूनंतर होते, आणि दोहोंत कधी कधी तीस-चाळीस वर्षांचे अंतर असते. दुसरी वाटणी विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याच्या आडनावाखाली किंवा वेगळ्याच काउंटीत नोंदलेली असू शकते. तरी तिचे मूळ पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीत असते. मुलीच्या नावे विश्वस्त नेमून दिलेली माणसेही अशीच नजरेआड होतात, कारण तेथे जावयाची मालकी नसते आणि जावयाच्या मृत्यूनंतरच्या यादीत ती येत नाहीत. मिसिसिपीने 1839 मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता राखू देणारा कायदा केला, आणि त्यातील बरीच कलमे गुलामांच्या मालकीविषयी होती.

कोणत्या कचेरीत जावे

मिळकतीचे कागद काउंटीच्या पातळीवर तयार होत. लुईझियानात काउंटीच्या जागी पॅरिश असते. न्यायालयाचे नाव राज्यागणिक बदलते. मेरीलँडमध्ये ऑर्फन्स कोर्ट, जॉर्जियात कोर्ट ऑफ ऑर्डिनरी, नॉर्थ कॅरोलायनात 1868 पर्यंत काउंटीचे तिमाही न्यायालय, अलाबामात आधी ऑर्फन्स कोर्ट आणि 1850 पासून प्रोबेट कोर्ट, तर व्हर्जिनियात काउंटी न्यायालयाची मृत्युपत्र वही, अशी ही व्यवस्था होती. लुईझियानाचा कायदा फ्रेंच-स्पॅनिश परंपरेचा असल्यामुळे तेथे वारसाहक्काच्या फायली आणि नोटरींचे दस्तऐवज हे मुख्य साधन ठरते. तेथील कागदांतून इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी 1719 ते 1820 या काळातील सुमारे एक लाख गुलामांची माहिती संकलित केली आणि ती सर्वांना खुली आहे.

मृत्युपत्र वहीतील नक्कल आणि मूळ सुटे कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन बहुधा वही दिसते. कारकुनाने वहीत फक्त मृत्युपत्र व मूल्यांकन यादी उतरवलेली असते. पावत्या, डॉक्टरांची बिले, भाड्याचे करारनामे आणि वारसांची पत्रे सुट्या कागदांच्या पुडक्यात राहतात. नॉर्थ कॅरोलायनाची अशी पुडकी रॅलेच्या राज्य अभिलेखागारात व्यक्तीच्या नावानुसार लावलेली आहेत. वही पाहून समाधान मानणाऱ्याच्या हातून निम्म्याहून अधिक माहिती सुटते, म्हणून पुडक्याची चौकशी प्रत्येक वेळी करावी.

फाइल कशी वाचावी

मालक मृत्युपत्र करून वारला असेल तर फाइलच्या आरंभी ते मृत्युपत्र आणि एक्झिक्युटरचा (मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात नेमलेल्या माणसाचा) जामीन असतो. केले नसेल तर न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाचा जामीन असतो. मृत्युपत्रावर पहिल्यांदा नजर जाते, पण तपशिलाच्या दृष्टीने ते बरेचदा सर्वांत गरीब असते. ‘माझे सर्व नीग्रो पत्नीला’ एवढ्या ओळीवर अनेक मृत्युपत्रे आटोपतात. तेथे लक्ष द्यावे ते ‘आणि तिची भावी संतती’ या कलमाकडे. व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्याने अपत्याचा दर्जा आईवरून ठरवला आणि इतर वसाहतींनीही तेच तत्त्व स्वीकारले, त्यामुळे एखादी मुलगी एका वारसाला दिली की तिच्या पोटची पुढची सगळी मुले त्याच वारसाची होत. म्हणजे मृत्युपत्रात दहा वर्षांच्या ज्या मुलीचे नाव आहे तिची संतती वीस वर्षांनी कोठे शोधायची, हे त्याच ओळीने सांगितलेले असते.

त्यानंतर येते मूल्यांकन यादी. न्यायालय तीन किंवा अधिक शेजारी जमीनदारांना पंच नेमे. ते मळ्यावर जाऊन माणसे, घोडे, नांगर, पलंग, चमचे असे सगळे एका कागदावर किमतीसह लिहीत. खेचराच्या खालच्या ओळीत एखाद्या लेकराचे नाव वाचताना हात थबकतो. तरीही यादी उतरवताना एकही ओळ गाळू नये आणि ओळींचा क्रम बदलू नये, कारण क्रम हाच पुरावा असतो. काही पंच आधी सगळे पुरुष, मग बायका, मग मुले असे लिहीत. काही झोपडीनुसार लिहीत, आणि मग पुरुष, स्त्री व उतरत्या वयाची मुले असे गट आपोआप दिसू लागतात. यादी कोणत्या पद्धतीची आहे हे ठरवल्याशिवाय कुटुंब जुळवू नये. ‘फिलिस आणि मूल’ अशी एकत्र किंमत लावलेली असेल तर ते मूल बहुधा अंगावर पिणारे असते, आणि त्यावरून जन्मवर्ष ठरते. वय लिहिलेले नसेल तेव्हा किमतीवरून अंदाज बांधता येतो. लहान मुलांची किंमत वयाबरोबर चढते, ऐन तारुण्यात ती शिखरावर असते आणि उतारवयात झपाट्याने पडते. म्हाताऱ्या माणसांपुढे शून्य लिहिलेले सापडते, काही वेळा तर त्यांना सांभाळण्याचा खर्च म्हणून उणे रक्कमही सापडते. वयाच्या मानाने किंमत फार जास्त असेल तर तो माणूस लोहार, सुतार किंवा अन्य कसबी कारागीर असण्याची शक्यता असते; फार कमी असेल तर आजार, अपंगत्व किंवा पळून जाण्याचा इतिहास शोधावा. ‘म्हातारी हॅना’, ‘हॅनाचा टॉम’, ‘मोठा सॅम’ अशी विशेषणे नावाचा भाग समजून जशीच्या तशी उतरवावीत, कारण त्यांमागे बरेचदा नाते असते.

वारस अल्पवयीन असतील तर मिळकत वर्षानुवर्षे खुली राही आणि पालकाला दरवर्षी न्यायालयापुढे हिशेब ठेवावा लागे. हे हिशेब कंटाळवाणे दिसतात आणि म्हणून बहुतेकांकडून न वाचलेले राहतात, पण मला मूल्यांकन यादीखालोखाल तेच मोलाचे वाटतात. मिळकतीतील गुलाम भाड्याने देण्याची सर्वत्र रीत होती. करार 1 जानेवारीच्या सुमारास होई आणि नाताळापर्यंत चाले. कोणाला, किती रकमेला, कोणाकडे पाठवले हे नावानिशी नोंदले जाई. भाड्याऐवजी ‘निर्वाहापोटी’ म्हणून दिलेली स्त्री, म्हणजे तिच्याबरोबर लहान मुले असल्यामुळे तिचे भाडे येत नाही, हे ध्यानात घ्यावे. अशी नोंद सलग तीन-चार वर्षे दिसली आणि दरवर्षी मुलांची संख्या वाढत गेली की जन्मांचा क्रम हाती येतो. सुईणीला दिलेली रक्कम जन्माची तारीख सांगते आणि शवपेटीसाठी दिलेली रक्कम मृत्यूची. बूट आणि घोंगड्यांचा खर्च त्या वर्षी कोण कोण जिवंत होते ते दाखवतो.

शेवटी वाटणी किंवा विक्री होते. वाटणीसाठी न्यायालय आयुक्त नेमी. ते किमतीने समान ‘लॉट’ पाडून वारसांना देत आणि फरक रोखीने भरून काढत. रकमेचा हिशेब जुळवण्यासाठी कुटुंब फोडले गेल्याचे या कागदांत उघड दिसते. विक्री असेल तर खरेदीदारांची यादी असते, आणि तीतील खरेदीदार बरेचदा मालकाचे मुलगे, जावई किंवा शेजारीच असतात, म्हणून प्रत्येक खरेदीदाराची नवी फाइल उघडावी. जेफरसन 4 जुलै 1826 रोजी एक लाख डॉलरहून अधिक कर्ज ठेवून वारले. मॉन्टिसेलोवरील 130 माणसांचा लिलाव जानेवारी 1827 मध्ये सुरू झाला. लोहार जो फॉसेट यांना मृत्युपत्राने मुक्ती मिळाली होती. त्यांची पत्नी ईडिथ आणि मुले मात्र लिलावात वेगवेगळ्या खरेदीदारांना विकली गेली. मुलगा पीटर तेव्हा 11 वर्षांचा होता. तो पुढे सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि उतारवयात त्याने आपल्या आठवणी सांगितल्या. अशा शोधात लिलावाची यादी, खरेदीदाराचे कागद आणि वंशजांच्या मौखिक आठवणी या तिन्ही एकमेकींना आधार देतात. मॉन्टिसेलोने 1993 पासून वंशजांच्या मुलाखती घेतल्या त्या याचसाठी.

जुळवणी

हाती आलेल्या प्रत्येक यादीतील प्रत्येक व्यक्तीसाठी वहीत एक आडवी ओळ करावी. कागदाची तारीख व प्रकार, नाव जसे लिहिले तसे, वय, त्यावरून निघणारे जन्मवर्ष, किंमत, यादीतील क्रमांक, वरच्या-खालच्या ओळींतील माणसे आणि कोणाला दिले, असे रकाने पुरतात. मग याद्या एकीखाली एक लावाव्यात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 1838 च्या मूल्यांकन यादीत सलग ओळी अशा आहेत: सॅम 40, हॅना 34 आणि मूल, लूसी 15, डॅनियल 9. 1841 च्या वाटणीत धाकट्या मुलीच्या लॉटमध्ये हॅना 37, डॅनियल 12, मिली 4 अशी नावे येतात. लूसी थोरल्या मुलाकडे जाते, सॅम विधवेकडे. 1838 मधले बिननावाचे मूल म्हणजे मिली, हे वयावरून आणि हॅनाच्या सोबतीवरून ठरते. 1846 च्या पालकाच्या हिशेबात हॅनासाठी सुईणीला पैसे दिलेले आहेत, म्हणजे आणखी एक अपत्य शोधायचे आहे. धाकट्या मुलीचे पुढे लग्न झाले आणि 1860 च्या तक्त्यात तिच्या नवऱ्याच्या नावाखाली 56 वर्षांची स्त्री, 31 वर्षांचा पुरुष आणि 23 वर्षांची स्त्री दिसतात. 1870 मध्ये त्याच परिसरात 41 वर्षांच्या डॅनियलच्या घरी 66 वर्षांची हॅना आहे. येथवरची साखळी बळकट म्हणता येईल. सॅम हा हॅनाचा नवरा आणि मुलांचा बाप होता का, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. केवळ वरच्या ओळीत असण्याने ते ठरत नाही, कारण नवरा बहुतेक वेळा दुसऱ्याच मालकाच्या मळ्यावर असे. तेथे ‘शक्यता’ असा शेरा लिहून पुढे जावे. लूसी हॅनाची मुलगी आहे, असे वयाच्या अंतरावरून दिसते, पण त्यालाही दुजोरा हवाच, आणि तो कदाचित लूसीने आपल्या मुलीला दिलेल्या नावात मिळेल. आजी-आजोबांची आणि वडिलांची नावे पुढच्या पिढीला देण्याची प्रथा या कुटुंबांत दृढ होती. विशेषतः वडिलांचे नाव मुलग्याला दिलेले आढळते, कारण कायदा जो दुवा मानत नव्हता तो कुटुंबाने नावातून जपला.

वये पाच-दहाच्या पटीत ओढलेली असतात, म्हणून पाच वर्षांपर्यंतचा फरक सहज मान्य करावा. मात्र दोन याद्यांत एकच नाव आले म्हणजे तीच व्यक्ती, असे धरू नये. मेरी, टॉम, जॉन, हॅना ही नावे प्रत्येक मळ्यावर असत. एकाच वेळी तीन-चार नावांचा गट एकत्र सरकताना दिसला तरच ओळख पक्की मानावी. ऑनलाइन वंशवृक्षांत कागदाचा आधार न देता जोडलेली नाती सर्रास आढळतात, आणि ती उचलून आपल्या झाडावर लावणे म्हणजे पुढच्या शोधकाची दिशाभूल करणे होय.

फाइलच्या बाहेर

मृत्यूव्यतिरिक्तही माणसांचे हस्तांतर होई. काउंटीच्या दस्त नोंदणी वह्यांत बक्षीसपत्रे, खरेदीखते, गहाणखते आणि विश्वस्तपत्रे जमिनीच्या व्यवहारांत मिसळलेली असतात. गहाणखते अवश्य पाहावीत, कारण कर्ज घेताना मालक हयात असतानाही गुलामांची नावे लिहिली जात. वारसांत भांडण झाले असेल तर इक्विटी किंवा चान्सरी न्यायालयातील (कायद्याच्या ठरीव नियमांऐवजी न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या न्यायालयातील) दाव्यात अख्ख्या कुटुंबाचा इतिहास साक्षीपुराव्यानिशी येतो. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने अशा दाव्यांची सूची शोधण्याजोगी केली आहे. सागरी मार्गाने दक्षिणेकडे नेलेल्या गुलामांच्या जहाज याद्यांत नाव, वय, लिंग आणि उंची असते.

मळेवाल्या कुटुंबांचे खासगी कागद विद्यापीठांत जमा झालेले आहेत. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शनमधील कॅमरन कुटुंबाचे कागद हा त्यांपैकी एक प्रचंड साठा आहे. या कुटुंबाचा स्टॅगव्हिल हा मळा मूळची बेनेहान कुटुंबाची मिळकत. रिबेका बेनेहान यांचा 1803 मध्ये डंकन कॅमरन यांच्याशी विवाह झाला आणि दोन मिळकती एकत्र आल्या. 1860 पर्यंत तेथे सुमारे 30,000 एकर जमीन आणि सुमारे 900 गुलाम होते. त्यांचे पुत्र पॉल कॅमरन यांनी 1844 मध्ये 114 माणसे अलाबामाच्या ग्रीन काउंटीत नव्या मळ्यावर पाठवली. एखादे कुटुंब 1870 मध्ये अलाबामात दिसते आणि जन्मस्थळ नॉर्थ कॅरोलायना लिहिलेले असते, तेव्हा अशा स्थलांतराचा संशय घ्यावा. कॅमरन यांच्या कागदांत जन्मांच्या नोंदी, कपडे-घोंगड्यांच्या याद्या आणि मुकादमांची पत्रे आहेत. अशा संग्रहांची वर्णनसूची मालकाच्या आडनावाने असते, म्हणून पुन्हा सासर-माहेरची सगळी आडनावे घेऊन शोधावे.

कागद जळालेले असतील तर

यादवी युद्धात अनेक न्यायालये जळाली. व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांनी सुरक्षिततेसाठी आपले दप्तर रिचमंडला पाठवले आणि एप्रिल 1865 च्या आगीत तेथेच ते नष्ट झाले. हॅनोव्हर हे त्याचे ठळक उदाहरण. अशा ठिकाणी मालकाची जमीन शेजारच्या काउंटीतही होती का हे प्रथम पाहावे, कारण मृत्युपत्राची प्रत तेथेही नोंदवली जाई. त्यानंतर राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातील अपिले तपासावीत, कारण अपिलासोबत खालच्या न्यायालयाच्या कागदांच्या नकला जोडलेल्या असतात. कराच्या याद्यांची एक प्रत राज्याच्या राजधानीत जाई, आणि गुलामांची नावे नसली तरी त्यांची संख्या एका वर्षात अचानक घटली की त्या वर्षी मृत्यू, वाटणी किंवा विक्री झाली असे समजते. व्हर्जिनियात 1853 पासून जन्ममृत्यूची नोंद होऊ लागली आणि तीत गुलामांच्या जन्माची नोंद मालकाच्या नावासह सापडते. मालकाच्या घराण्याचे बायबलही विचारून पाहावे. त्याच्या कोऱ्या पानांवर घरच्या मुलांच्या जन्मतारखांखाली गुलाम मुलांच्या जन्मतारखा लिहिण्याची अनेक घरांत रीत होती. अशी बायबले आज बहुधा मुलीकडच्या वंशजांकडे असतात. त्यांना पहिले पत्र लिहिताना आरोपाचा किंवा आर्जवाचा सूर न लावता नेमके नाव, वर्ष आणि हवे असलेले पान विचारावे, आणि आपल्याकडील याद्यांची प्रत सोबत जोडावी.